वुलरच्या तोंडाला दार लावण्याआधी त्याचं पोट मोकळं करा

प्रति,
माननीय केंद्रीय जलशक्ती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : काश्मीरमधल्या वुलर सरोवराच्या तोंडावरचं तुलबुल बांधाचं काम पुन्हा सुरू करण्याआधी सरोवराचा गाळ काढणं, हद्द पक्की करणं आणि काठच्या गावांचं म्हणणं ऐकणं याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण आपण मूळचे जळगाव जिल्ह्यातले आहात आणि गाळ, सांडवा, पाझर, बुडीत हे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागणार नाहीत. उघड लिहितो आहे, कारण यातली गोष्ट एकट्या मंत्रालयाची नाही. काश्मीरला जाऊन आलेली मराठी माणसं लाखांनी असतील. पण श्रीनगरच्या दल सरोवरात शिकाऱ्यात बसून फोटो काढलेल्यांपैकी किती जण तिथून वर, बांदीपुऱ्याकडे, वुलर बघायला गेले असतील? मीही गेलो नसतो. मुलगी श्रीनगरला एका संस्थेत शिकवते म्हणून जाणं झालं.

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे धरणं नंतर आली, तलाव आधी होते. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांना सरकारी कागदात मालगुजारी तलाव म्हणतात, लोक नुसतं मामा तलाव म्हणतात. त्यांच्या पाण्यावर धान पिकतं, ढिवरांना मासळी मिळते आणि शिंगाडा निघतो. नोकरीची एकतीस वर्षं मी अशाच तलाव-बंधाऱ्यांच्या कामांवर काढली. त्यामुळे पाणी दिसलं की माझी नजर आधी काठावर जाते, मग सांडव्यावर. वुलरलाही तसंच झालं.

२०२३च्या नोव्हेंबरात, मुलीच्या एका सहकाऱ्याबरोबर, आम्ही झुरीमंझ गावच्या काठावरून नावेत बसलो. सकाळचे आठ वाजले होते. समोर हरमुखच्या बाजूचे डोंगर, वर नवा बर्फ, आणि पाणी इतकं सपाट की नाव कापडावरून सरकते आहे असं वाटावं. नावाडी पन्नाशीचा, फेरन घातलेला, बोलायला मोकळा. थोडं आत गेल्यावर एक माणूस नावेच्या टोकाशी उभा राहून लांब काठीला बांधलेल्या जाळीने तळ ढवळताना दिसला. जाळी वर आली तेव्हा तिच्यात काळे, काटेरी शिंगाडे होते. मी जवळजवळ ओरडलोच. आमच्याकडच्यापेक्षा लहान आणि काट्यांनी जास्त टोकदार, पण शिंगाडेच. हजारो मैलांवर कुणी ओळखीचं भेटावं तसं झालं.

मग मी नावाड्याची काठी मागून घेतली. पाणी किती खोल आहे ते पाहावं, एवढाच विचार होता, जुनी सवय. काठी पाण्यात सोडली, ती टेकली असं वाटलं, जरा दाब दिला तर आणखी खाली गेली, आणखी दाबली तर आणखी. वर काढून नावेत आडवी ठेवली. दीड हात काठी नुसती ओली होती. त्याखालची अडीच हात काळ्या-राखाडी गाळाने माखलेली. नावाडी म्हणाला, आमच्या आजोबांच्या वेळी इथे काठी पुरत नसे.

महोदय, ती काठी मला अजून दिसते. या पत्रातलं बाकी सगळं तिच्यापासून निघालेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुलबुलचं काम आपल्याला ठाऊकच आहे, पण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. झेलम नदी, काश्मिरी लोक जिला व्यथ म्हणतात, ती वुलरमध्ये शिरते आणि सोपोरच्या बाजूने बाहेर पडते. त्या बाहेर पडण्याच्या तोंडावर ४३९ फूट लांबीचा दरवाजांचा बांध घालायचा आणि हिवाळ्यात सरोवर उतरू द्यायचं नाही, म्हणजे सोपोर-बारामुल्लापर्यंत नदीत नावा चालण्याइतकं पाणी राहील, अशी ही योजना. १९८४ साली काम सुरू झालं. पाकिस्तानने १९६०च्या सिंधू पाणीवाटप कराराकडे बोट दाखवलं. पश्चिमेकडच्या नद्यांवर असा साठा करता येत नाही असं त्यांचं म्हणणं. हा नवा साठा नाही, सरोवरात निसर्गतःच असलेलं पाणी फक्त हळूहळू सोडायचं आहे, असं आपलं म्हणणं. १९८७ साली काम थांबलं आणि आजवर पूर्ण झालेलं नाही. साठवणीचा आकडा सुमारे ३ लाख एकर-फूट सांगतात. आपल्याकडच्या हिशेबात हे साधारण १३ टीएमसी होतं, पानशेतपेक्षा थोडं जास्त.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला जे घडलं त्यात आपल्या राज्यातली सहा माणसं गेली. डोंबिवली, पुणे, पनवेल. त्या घरांचं दुःख कुठल्याही पत्रात मावणार नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने सिंधू करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी वुलरचं चित्रण टाकून जाहीरपणे विचारलं, आता तुलबुलचं काम पुढे नेता येईल का? मेहबूबा मुफ्तींनी त्यावर टीका केली. टीव्हीवर आठवडाभर चर्चा झाली. मी त्या सगळ्या चर्चा ऐकल्या. पाणी कुणाचं, पाणी अडवलं तर समोरच्याचं काय होईल, करार मोडावा की ठेवावा, यावर पुष्कळ बोललं गेलं. पाणी जिथे अडवायचं त्या सरोवराची आज अवस्था काय आहे, यावर मी ऐकलेल्या एकाही चर्चेत कुणी बोललं नाही.

करार हा आपला आणि देशाचा विषय आहे, त्यावर मी बोलणार नाही, तेवढी माझी पात्रताही नाही. मी फक्त त्या भांड्याबद्दल बोलतो, ज्यात आपण पाणी ठेवू पाहतो.

हे भांडं अर्ध्यावर आलं आहे. १९११च्या नकाशांवरून वुलरचं क्षेत्र सुमारे १५८ चौरस किलोमीटर निघतं, काठच्या दलदली वेगळ्या. २००७ साली वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्थेने सरोवराचा व्यवस्थापन आराखडा केला तेव्हा ते सुमारे ८७ भरलं. शंभरेक वर्षांत ४५ टक्के सरोवर गेलं. कुठे गेलं? काही शेतात गेलं, काही विलोच्या बनात गेलं.

या विलोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे विलो म्हटलं की पोरांना फक्त क्रिकेटची बॅट आठवते. वुलरच्या काठावर विलोची लागवड कुणा चोराने केलेली नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारनेच ती सुरू केली, जळणासाठी. पुढे त्यातून फळांच्या पेट्या आल्या, बॅटी आल्या. तेव्हा ते शहाणपणच वाटलं असणार. हिवाळ्यात लाकूड नसेल तर तिथे माणूस जगत नाही. पण विलोची मुळं पाण्यात जाळ्यासारखी पसरतात. झेलम वरून गाळ आणते, मुळं तो धरून ठेवतात, गाळाची जमीन होते, जमिनीवर पुन्हा विलो. आमच्याकडच्या तलावांत बेशरम नावाचं झुडूप हेच करतं. एकदा काठाला लागलं की दरवर्षी चार पावलं आत. अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या ढिवर सोसायट्यांनी ते बेशरम हाताने उपटून काढलं आणि त्या जागी मासळीला खायला लागणाऱ्या पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कुठे त्या तलावांत देशी मासे परतले. वुलरला बेशरमऐवजी पूर्ण वाढलेली झाडं आहेत. २० लाखांहून अधिक विलो काढायचे असं सरोवर प्राधिकरणाच्या आराखड्यात ठरलेलं आहे. त्यातले थोडेच निघाले.

जम्मू-काश्मीर सरकारने २०१२ साली वुलरसाठी हे वेगळं प्राधिकरण नेमलं आणि त्याने गाळ काढण्याचं काम खरोखर केलं, हे मी मुद्दाम लिहितो. सगळं बिघडलंच आहे असं म्हणणारा मी नाही. त्या कामाचं फळ काय, तर जुलै २०२५मध्ये वुलरमध्ये कमळं उमलली. १९९२च्या पुराने आणलेल्या गाळाखाली सरोवरातली कमळं गाडली गेली होती. ३३ वर्षं कमळ नाही म्हणजे कमळकाकडी नाही. काश्मिरात तिला नदरू म्हणतात. मटणात, माशांत, दह्याच्या रश्शात, लग्नाच्या ताटात, सगळीकडे ती असते, आणि ती विकून काठच्या कित्येक घरांची चूल पेटायची. गाळ निघाला, प्राधिकरणाने बिया टाकल्या, आणि ज्या पोरांनी वुलरमध्ये कमळ कधी पाहिलंच नव्हतं त्यांना ते दिसलं. मुलीने मला फोटो पाठवला. आमच्या घरी त्या दिवशी सगळ्यांनी तो फोटो दोन-दोनदा पाहिला.

तर सरोवर बरं होऊ शकतं, हे सिद्ध झालं आहे. जेवढा भाग मोकळा केला तेवढ्यापुरतं.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. चूक माझीही होती, म्हणून गावाचं नाव घेत नाही. १९९०च्या दशकात एका जुन्या तलावाची क्षमता वाढवायची होती. गाळ काढायला पैसा जास्त लागत होता, म्हणून सांडव्याची उंची दीड फुटाने वाढवायचं ठरलं. कागदावर हिशेब चोख होता, इतकं क्षेत्र गुणिले इतकी उंची. अंदाजपत्रक मीच केलं होतं. तलावावरचा एक म्हातारा ढिवर काम चालू असताना येऊन बसायचा. एक दिवस मला म्हणाला, "सायेब, तऱ्याचा पोट गारानं भरला हाये, न तुमी त्याचा तोंड बांधून रायले." मी हसून सोडून दिलं. त्या पावसाळ्यात पाणी खोल झालंच नाही, पसरलं. पोटात जागा नव्हती म्हणून ते मागे बुडिताच्या शेतांत चढलं. ऐन लोंबीत आलेला धान पाण्याखाली गेला. काठाच्या उथळ पाण्यात होणारा शिंगाडा पानं बुडून कुजला. एका रात्री मागच्या शेतकऱ्यांनी येऊन वाढवलेला सांडवा फोडला. सकाळी मी पोहोचलो तेव्हा पाणी निघून गेलं होतं आणि खाली दीड फूट उघडा गाळ चकाकत होता. पंचनामा झाला, कुणावर तरी गुन्हाही नोंदला गेला. त्या शेतकऱ्यांचं काय चुकलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

महोदय, तुलबुल म्हणजे मोठ्या मापात तेच होऊ नये, एवढंच माझं म्हणणं. सरोवराचं पोट गाळाने भरलेलं असताना तोंडाला दार लावलं, तर १३ टीएमसीचं पाणी खोल साठणार नाही, आडवं पसरेल. मागे झेलमच्या दोन्ही बाजूंना गावं आहेत, भातशेती आहे, नंबल आहेत. नंबल म्हणजे तिथली दलदलीची कुरणं. तिथे गुरं चरतात, तिथल्या लव्हाळ्याच्या वगू नावाच्या चटया विणल्या जातात, आणि थंडीत मध्य आशियातून येणारी बदकं उतरतात. वुलर १९९० सालापासून रामसर यादीत आहे, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून. नोंदलेलं क्षेत्र १८९ चौरस किलोमीटर. कागदावरचा तो आकडा आणि २००७चं मोजमाप शेजारी ठेवून पाहावं, ही विनंती.

आणि पूर. सप्टेंबर २०१४मध्ये श्रीनगर बुडालं ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. झेलमचा पूर पोटात घ्यायला त्या खोऱ्यात जी एक मोठी जागा आहे ती वुलर. ती जितकी भरलेली, तितकं पुराचं पाणी वर थोपून राहणार, आणि वर श्रीनगर आहे. नावा चालाव्यात म्हणून आपण हिवाळ्यात पाणी अडवू, ते ठीक. पण दार बसवणारा विभाग एक, गाळ काढणारं प्राधिकरण दुसरं आणि पुराचा इशारा देणारं कार्यालय तिसरं असेल, तर वसंतात बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा दार कुणाच्या सांगण्यावरून उघडायचं? आमच्याकडे एका नदीवरच्या दोन धरणांत हा घोळ आपण पाहिलेला आहे. झेलमच्या वाटेत तर पुढे सीमा आहे.

गाळ काढूनच हे खोरं एकदा वाचलेलं आहे, आणि ती गोष्ट कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणीत लिहून ठेवली आहे. नवव्या शतकात, राजा अवंतिवर्म्याच्या राज्यात, काश्मिरात वरचेवर पूर आणि दुष्काळ. दरडींचे दगड पडून वितस्तेचं, म्हणजे झेलमचंच, पात्र अडलं होतं, पाणी मागे तुंबून शेतं बुडत होती. सुय्य नावाचा एक माणूस, लहानपणी टाकून दिलेला आणि एका चांडाळ स्त्रीने वाढवलेला, म्हणत राहायचा की मला उपाय माहीत आहे, पण साधन नाही. राजाने त्याला खजिन्यातून दिनारांची भांडी दिली. सुय्य नावेत बसून यक्षदर नावाच्या जागी गेला आणि ओंजळी भरभरून दिनार नदीत फेकू लागला. मंत्री म्हणाले, हा वेडा आहे. पण उपाशी गावकरी पाण्यात उतरले, नाणी शोधण्यासाठी दगड ओढून ओढून बाहेर काढले, आणि नदी वाहती झाली. मग त्याने सात दिवस नदी बांधून धरली, तळ साफ केला आणि सोडून दिली. महापद्मसराच्या, म्हणजे आजच्या वुलरच्या, भोवती बांध घातले, पाण्याखालून निघालेल्या जमिनीवर गावं वसवली. कल्हण भाताचा भावही देतो: खारीला, म्हणजे धान्याच्या तिथल्या जुन्या मापाला, २०० दिनार होता तो ३६वर आला. त्या माणसाच्या नावाचं गाव सुय्यपूर, तेच आजचं सोपोर. तुलबुलचा बांध ज्या गावाच्या वरच्या अंगाला यायचा आहे, ते.

बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या अभियंत्याने पहिल्यांदा पात्र मोकळं केलं आणि मग बांध घातले. क्रम असा होता.

नावांवरून आठवलं. महापद्म हा तिथला नाग. कथा अशी की सरोवराच्या जागी आधी चंद्रपूर नावाचं नगर होतं. महापद्माने ब्राह्मणाचं रूप घेऊन राजाकडे राहण्यापुरती जागा मागितली, राजाने दिली, आणि मग त्याने आपलं खरं रूप एवढं पसरलं की नगरच सोडून जावं लागलं. नावाडीही आम्हाला सांगत होता, खाली शहर आहे. तो मुसलमान, कथा नीलमत पुराणातली, आणि त्याचे वडील दरवर्षी वाटलबच्या टेकडीवरच्या बाबा शुकरुद्दीनच्या दर्ग्यावर जायचे, तिथून सगळं वुलर दिसतं म्हणून. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीन, ज्याला तिथे अजून बडशाह म्हणतात, त्याने वादळात सापडणाऱ्या नावांना आसरा म्हणून सरोवरात झैना लंक हे बेट उभारलं. पाण्याच्या मधोमध बांधलेलं ते बेट आता काठच्या गाळात अडकल्यासारखं झालं आहे.

सरोवरावर आज जगणाऱ्यांकडे वळतो. काश्मीर खोऱ्यातल्या मासळीचा निम्म्याहून मोठा वाटा वुलरचा, असं तिथे सांगतात, आणि मासेमारी करणारी माणसं हजारोंनी आहेत. तिथले मूळचे मासे वसंतात अंडी घालायला प्रवाहाच्या वर, ओढ्यांमध्ये चढतात. दार आणि मासा यांचं नातं आपल्या खात्याला नवीन नाही. माशाला जायला वाट ठेवणार की नाही, हे आराखड्यात आधी लिहावं लागतं, नंतर ती पाडता येत नाही. शिंगाड्याचंही तसंच. १८२०च्या दशकात विल्यम मूरक्रॉफ्ट काश्मिरात होता, त्याने लिहिलं आहे की खोऱ्यातली निदान ३०,००० माणसं वर्षातले पाच महिने जवळजवळ शिंगाड्यावरच जगतात. आज तेवढं नसेल, पण ज्या घरात शेत नाही त्या घराला हिवाळ्यात रोकडा याच शिंगाड्यातून मिळतो. शिंगाड्याची पानं पाण्यावर तरंगतात, मूळ तळाशी. पाणी एकदम चढवलं तर पान बुडतं. एकदम उतरवलं तर काठ उघडा पडतो. किती हात पाणी कोणत्या महिन्यात लागतं, हे कुठल्याही अभ्यासगटापेक्षा त्या नावेतल्या माणसाला नक्की ठाऊक आहे.

त्या दिवशी आम्ही नावाड्याच्या घरी गेलो. अंगणात उन्हाला त्याची बायको आणि सून बसल्या होत्या. सून दगडावर शिंगाडा ठेवून एक घाव घालायची, सासू पांढरा गर एका बाजूला आणि टरफल दुसऱ्या बाजूला टाकायची. दोघींचे हात काळे झाले होते, सुनेच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. काटा लागतोच, असं ती म्हणाली. टरफलं कांगडीत, म्हणजे तिथल्या निखाऱ्यांच्या शेगडीत, जळतात, त्यांची धग छान टिकते. गर वाळवून पीठ. मी म्हटलं, आमच्याकडे हे पीठ उपासाला लागतं, एकादशीला आम्ही याचा शिरा करतो. सासूला खरं वाटेना. तिने मुलीला दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग ओंजळीने मोजून वाळलेला गर माझ्या रुमालात बांधला. पैसे घेतले नाहीत. तुलबुलबद्दल मी नावाड्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, वाईट कशाला असेल, पाणी राहिलं तर चांगलंच. पण आम्हाला कुणी विचारायला आलेलं नाही.

म्हणजे तेही विरोधात नाहीत आणि मीही नाही. जन्मभर पाणी अडवण्याचं काम केलेला माणूस बांधाच्या विरोधात कसा असेल?

माझी विनंती अशी आहे. दार बसवण्याच्या कामाला एक रुपया देण्याआधी सरोवराची आजची हद्द जागेवर खुणा रोवून पक्की करावी, आणि ती विलोच्या बनाच्या पलीकडे, जुन्या पाण्यापर्यंत जावी. गाळ काढण्याचं जे काम प्राधिकरण तुकड्या-तुकड्याने करतं आहे, त्याला तुलबुलच्याच खर्चात धरावं. तो त्याच कामाचा पहिला भाग आहे, वेगळी पर्यावरणाची योजना नव्हे. महाराष्ट्रात आपण तलावांचा गाळ शेतकऱ्यांना शेतात न्यायला दिला, तसं तिथे करता येईल का याची माती-तपासणी करावी. मधुमती आणि अरिन हे ओढे ज्या डोंगरांतून उतरतात, ते डोंगर उघडे राहिले तर दहा वर्षांत पुन्हा तेवढाच गाळ येईल, म्हणून झाडं वर लावावीत, खालची काढावीत. विलो तोडताना त्यावर जळण आणि चारा काढणाऱ्या घरांना आधी पर्याय द्यावा, नाहीतर तोडलेला विलो तीन वर्षांत फुटव्यातून उभा राहील. आणि श्रीनगरचं सांडपाणी झेलममधून शेवटी इथेच येतं, त्याकडे एक नजर टाकावी. साठवलेलं पाणी सडलं तर ते अडवून काय उपयोग?

पण सगळ्यात आधी एक काम आहे, त्याला पैसाही लागत नाही. कोणत्या महिन्यात सरोवराची पातळी किती ठेवणार, याचा तक्ता आपल्या खात्यात कुठेतरी तयार होईलच. तो काश्मिरी आणि उर्दूत छापून झुरीमंझला, बन्यारीला, निंगलीला, वाटलबला लावावा, आणि तिथल्या मासेमाऱ्यांना, शिंगाडेवाल्यांना, भातवाल्यांना बसवून एकेका महिन्याचा आकडा विचारावा. सुनावणी जिल्ह्याच्या कचेरीत ठेवू नये. काठावर ठेवावी, तिथे काठी पाण्यात घालून बोलता येतं. माझ्या तलावावर त्या म्हाताऱ्याला मी एकदा, फक्त एकदा, टेबलाशी बसवून विचारलं असतं, तर दीड फुटाचा तो सांडवा बांधला गेलाच नसता.

सासूने दिलेला गर मी भंडाऱ्याला आणला. कार्तिकी एकादशी होऊन गेली होती, म्हणून पुढच्या एकादशीपर्यंत डब्यात ठेवला. बायकोने तो जात्यावर दळला, मिक्सरला लावू दिला नाही. शिरा केला. रंग आमच्या पिठापेक्षा थोडा सावळा आला आणि पाण्याचा एक वास होता, चिखलाचा नव्हे, थंड पाण्याचा. नातीने दोनदा मागून घेतला.

आपण स्वतः वुलर पाहायला जावं, ही शेवटची विनंती. हेलिकॉप्टरने नको, वरून ते नुसतं मोठं दिसतं. झुरीमंझच्या काठावरून नावेत बसावं आणि काठी स्वतःच्या हाताने पाण्यात घालावी. सकाळीच जावं. दुपारनंतर डोंगरावरून वारा उतरतो, लाटा उठतात, आणि बारा वाजले की तिथले नावाडी कितीही मोठा माणूस आला तरी नाव सोडत नाहीत.

आपला,
भंडारा जिल्ह्यातला एक निवृत्त अभियंता